करारातलं कासव

साताऱ्याला समुद्र नाही. हे सांगायची वेळ कुणावर येऊ नये, पण आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुखांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणीबाणी उठल्यानंतरची ती पहिली थंडी. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. मुलांना बेडूक चिरून दाखवायचा, फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसून घ्यायच्या आणि सरांनी इंग्रजीतलं जे काही मागवलं असेल ते मराठीत करून द्यायचं, एवढं माझं काम. सर म्हणजे विभागप्रमुख. उंच, देखणे. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्यामुळे ते बोलतात त्यात काहीतरी असणार असं वाटायचं. मी मूळची सांगलीची. साताऱ्यात एका खोलीत राहायची आणि शनिवारच्या एसटीनं घरी जायची. माझं लग्न ठरत नव्हतं. त्याचं दुःख आईला होतं, मला नव्हतं.

विभागात तिसरं माणूस म्हणजे शिपाई. दुष्काळी माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढं कुठलंसं गाव. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, म्हणून सगळे त्यांना हवालदारच म्हणत. सकाळी प्रयोगशाळा उघडून ते दाराशी असे उभे राहत की आत दारूगोळा ठेवलाय असं वाटावं. नोकरी हंगामी होती. दर वर्षी नवा हुकूम निघायचा, आणि तो निघेपर्यंत ते सरांच्या खुर्चीची गादी रोज उन्हात टाकायचे.

कायम झालेल्या शिपायांना कॉलेजच्या मागच्या चाळीत एकेक खोली मिळे. हवालदारांना ती खोली हवी होती आणि कशासाठी हवी होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांची मुलगी सातवी पास होऊन घरी बसली होती. गावात पुढची शाळा नव्हती. पोरगी मेंढरांमागं फिरत होती आणि तिच्या मामानं आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली होती. मुलगा मुंबईत गोदीत हमाल होता आणि पोरीपेक्षा वयानं बराच मोठा होता. साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेच्या बाई हवालदारांना म्हणाल्या होत्या, "आत्ता आणा, वर्गात बसू दे, जूनमध्ये नाव घालू." खोली मिळाली की पोरगी येणार आणि मामाला नाही म्हणणार, असा हवालदारांचा हिशेब होता. खोली नाही, तर लग्न.

आता करार. वाघ, हत्ती, मगरी, कासवं, देवमासे अशा जीवांची देशादेशांतली खरेदी-विक्री थांबवण्यासाठी जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून एक करार केला होता आणि आपला देश नुकताच त्यात सामील झाला होता. सरांनी दिल्लीहून त्याची प्रत मागवली. त्यांना समुद्र या विषयात एकाएकी रस निर्माण झाला होता, कारण दिल्लीत त्यावर एक बैठक व्हायची होती आणि तिथं जायला त्यांना आवडलं असतं. त्यांनी प्रत माझ्यापुढं टाकली. "बाई, याचं सोप्या मराठीत करा. तक्ते लावायचेत."

मी केलं. काम कंटाळवाणं होतं पण मला आवडलं. अगदी संपत चाललेले जीव पहिल्या परिशिष्टात होते. त्यांचा व्यापार जवळजवळ बंद. समुद्री कासवं त्यातच होती. त्यांच्या पाठीचे कंगवे होतात, कातड्याच्या चपला होतात, मांसाचं सूप होतं. समुद्र कुणा एकाचा नाही, एका देशाच्या किनाऱ्यावर अंडं घालणारी मादी दुसऱ्या देशाच्या जाळ्यात मरते, म्हणून सगळ्यांनी मिळून काही ठरवल्याशिवाय उपाय नाही. हे मला पटलं. जिवंत प्राणी नेताना त्याला इजा होऊ नये, प्रकृतीला धक्का लागू नये, क्रूर वागणूक मिळू नये, असंही एक कलम होतं. ते मी निळ्या शाईनं मोठ्या अक्षरात काढलं. मात्र सगळा करार बोलत होता तो सरहद्दीबद्दल, बंदराबद्दल, परवान्याबद्दल. साताऱ्यातल्या प्राध्यापकाबद्दल त्यात काही नव्हतं.

सरांनी ठरवलं की नुसत्या तक्त्यांनी भागणार नाही. कॉलेजात प्रदर्शन भरवायचं, तेच मग सांगलीच्या मोठ्या विज्ञान प्रदर्शनाला न्यायचं, तिथं मुंबईहून मोठे पाहुणे येणार, आणि त्या पाहुण्यांना एक जिवंत समुद्री कासव दाखवायचं. मी म्हणाले, "सर, पहिल्या परिशिष्टातलं आहे ते. आणि आपला इथला कायदाही आहे."

"बाई, आपण व्यापार करतोय का? आपण जनजागृती करतोय."

एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा ट्रक होता. सर आणि हवालदार तो घेऊन रत्नागिरीकडं गेले. सर लॉजवर उतरले, हवालदार कोळ्यांबरोबर पहाटे वाळूवर. जाळ्यात अडकलेली एक मादी मिळाली. ती ओल्या गोणपाटात बांधून, उलटी टाकून, घाटातून वर आणली. उलटी का, तर तशी ती हलत नाही. हवालदारांनी फौजेत हिमालय पाहिला होता, वाळवंट पाहिलं होतं, पण समुद्र पाहिला नव्हता.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"लय पानी हाय, बाई. पर प्यायला घोटभर न्हाई. आमच्या माणासारखंच की मग."

कासव ठेवायला गुऱ्हाळातली काहील आणली होती, गुळासाठी उसाचा रस आटवतात ती. दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या घरचं गुऱ्हाळ होतं. काहील लोखंडी, पसरट, चार माणसांनी उचलायची. बाजारातून खड्याच्या मिठाची पोती आणली आणि हवालदारांनी विहिरीचं पाणी ओढून त्यात मीठ घोळलं. समुद्र तयार झाला. चाखून बघितला सरांनी स्वतः, बोट बुडवून, लग्नातली आमटी चाखावी तसा. "जमलं," म्हणाले.

मग कासव सोडलं. वल्ह्यासारखे पुढचे पाय त्यानं एकदा मारले, काहिलीच्या कडेवर नाक आपटलं, वळलं, पुन्हा आपटलं. दोनदा आपटल्यावर त्यानं सोडून दिलं. मुलं हसली. एक जण फोटोसाठी त्याच्या पाठीवर उभा राहिला. "पेलतं, पेलतं," सर म्हणाले. चित्रकला बरी असलेल्या मुलानं पांढरा ऑइलपेंट आणला आणि पाठीवर झोकदार अक्षरात लिहिलं, मला वाचवा. सर मागं सरकून बघत म्हणाले, "थोडं मोठं हवं होतं."

मग त्यांनी हवालदारांना बोलावलं. आम्ही सगळे तिथंच होतो.

"हवालदार, हे आता तुझ्याकडं. सांगलीला पाहुण्यांसमोर हे जिवंत पोहलं पाहिजे. पोहलं, तर त्याच आठवड्यात तुझा कायमचा कागद मी स्वतः प्राचार्यांपुढं ठेवतो. आणि मेलं, तर तू दहिवडीची गाडी धर. कळलं?"

"जी सर."

"पोरीला आणायची आहे ना तुला?"

"जी सर."

"मग जीव लाव त्याला."

त्यांनी लावला, पण जीव लावून कासव जगत नाही. हवालदारांना कासवातलं काही कळत नव्हतं, मला पुस्तकातलं कळत होतं आणि सरांना वेळ नव्हता. हवालदारांनी आधी बाजारातून सुकट आणून घातली. नंतर कृष्णेतले मासे. नंतर भाकरी.

"बाई, ह्ये खातच न्हाई."

"भाकरी कशाला खाईल ते?"

"भूक लागल्यावर मानूस काय बी खातंय."

"ते माणूस नाही."

"त्येच तर. मानूस आसतं तर दरडावलं आसतं."

थंडी वाढली. साताऱ्याची थंडी समुद्रातल्या प्राण्यासाठी नाही. सकाळी काहिलीला हात लावला की बोटं बधिर व्हायची आणि कासव तळाशी लाकडाच्या ओंडक्यासारखं पडलेलं असायचं. हवालदारांनी वसतिगृहाचा बंब पेटवायला सुरुवात केली. कढत पाणी बादलीनं आणून ते कडेनं हळूहळू ओतायचे. एकदा घाईत थेट अंगावर गेलं. कासव असं उसळलं की हवालदार भिजले. त्याच्या मानेवरची कातडी पांढरी पडली. हवालदार मला म्हणाले, "सरांना सांगू नगा." मी सांगितलं नाही. सरांनी विचारलंही नाही. ते रोज एकच विचारायचे, "हलतंय का?"

संक्रांत ते रथसप्तमीच्या मधले ते दिवस. प्रदर्शन उघडलं आणि प्राचार्यांच्या पत्नींनी त्याच हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं. "साक्षात कूर्म आलाय साताऱ्यात, आणि त्याला साधं कुंकू नाही?" असं त्यांचं म्हणणं. देवळात गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला कुंकू वाहून आत जायची बायकांची सवय जन्माची. इथं तर जिवंत होतं. दुपारभर गावातल्या सदाशिव पेठेपासून माची पेठेपर्यंतच्या बायका येत राहिल्या. आधी कासवाला, मग एकमेकींना. कुंकू, हळद, झेंडूची फुलं, तिळगुळाचे दाणे. पाच पैसे, दहा पैसे टाकून नमस्कार. एकीनं लोटीभर दूध ओतलं. मिठाच्या पाण्यात ते फाटलं.

"डोळे बघा. रडतंय गं बाई."

"रडत नाही. अंगातलं मीठ डोळ्यांवाटे बाहेर टाकतंय," मी म्हणाले.

"तुम्ही शास्त्रवाल्या म्हणजे ना! डोळ्यांतून मीठ कुणाचं येतं?"

"तुमचंही येतंच की."

त्या बाईनं मला कुंकू लावलं नाही. हवालदार काहिलीशी पहाऱ्यावर होते. पाणी लाल होत चाललेलं बघून ते माझ्याकडं आले. "बाई, ह्यास्नी मना करू का?" मी सरांना विचारलं. सर प्राचार्यांच्या पत्नींना तक्ता समजावून देत होते. "करू दे, करू दे. लोकांना आस्था वाटली पाहिजे," म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच माझ्या निळ्या अक्षरातलं ते क्रूर वागणुकीचं कलम लटकत होतं. त्याखाली एक म्हातारी कासवाचं नाक वर धरून त्याच्या तोंडात पेढा कोंबायचा प्रयत्न करत होती. कासवानं चावा घेतला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं घेतला नाही.

संध्याकाळी हवालदारांनी पाणी बदललं. तळाशी नाणी कमी होती. टाकलेली दिसली होती, निघाली मात्र थोडीच. हवालदार मला म्हणाले, "गिळली वाटतं. चकाकतंय म्हनून मासा वाटला आसंल." एवढ्या दिवसांत त्या कासवानं आपणहून खाल्लेली तेवढीच वस्तू.

त्याच संध्याकाळी त्यांनी गावाकडं जाणाऱ्या कंडक्टरजवळ निरोप दिला. सांगलीचं प्रदर्शन झालं की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं पोरीला पेटीसकट बसवून द्या. मी म्हणाले, "हवालदार, आधी कागद होऊ दे."

"सर बोलल्यात की सगळ्यांम्होरं."

"सर पुष्कळ बोलतात."

"बाई, आफिसर सगळ्यांम्होरं खोटं बोलंल व्हय?"

काहील ट्रकमध्ये चढवून आम्ही सांगलीला निघालो. सर त्यांच्या मित्राच्या मोटारीतून पुढं गेले. मी ड्रायव्हरशेजारी, हवालदार मागं पाण्यात एक हात घालून. कऱ्हाडपर्यंत पाणी निम्मं सांडलं. पेठ नाक्याला हापशावरून भरून घेतलं, वर मीठ टाकलं. आष्ट्याच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला होता, तिथं अंधार पडला. प्रदर्शन एका शाळेच्या मैदानावर होतं. काहील मंडपात उतरवून, हवालदारांना तिथंच ठेवून मी घरी गेले. आईनं दारातच नाकाला पदर लावला.

"कसला गं वास हा?"

"समुद्राचा."

"समुद्र पाहिलाय मी. असला नसतो."

सकाळी मी मंडपात पोहोचले तेव्हा हवालदार काहिलीशेजारी ताठ उभे होते. दाढी केलेली, पट्टा घासलेला. मी कासवाचा पाय उचलून सोडला. तो नुसता खाली पडला. पापणीला बोट लावलं. मेलं होतं, आणि मरून काही तास झाले होते.

सर आले. त्यांनीही पाय उचलून पाहिला. मला वाटलं आरडाओरडा करतील. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"पाहुणे किती वाजता?"

"दहाला, सर."

"वर तरंगतंय ना? मग झालं."

नायलॉनच्या दोन बारीक दोऱ्या मागवल्या. एकीचं टोक कासवाच्या पुढच्या एका पायाला, दुसरीचं दुसऱ्या पायाला. काहील बाकांवर चढवलेली होती, तिच्या काठाभोवती सोडलेल्या कापडाआड दोन्ही दोऱ्या नेल्या. कापडाआड हवालदारांना बसवलं, उकिडवं, गुडघ्यात मान घालून. त्यांनी आळीपाळीनं दोऱ्या ओढायच्या. पाण्यात आणखी थोडं कुंकू पडलेलं सरांना चाललं असतं, पाणी जरा गढूळ हवं होतं. ते त्यांनी मला सुचवलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"हळू ओढ," सर कापडाला म्हणाले. "पोहतंय असं वाटलं पाहिजे. खेचतोयस काय, विहिरीवर आहेस का?"

"जी सर," कापड म्हणालं.

"पाहुणे जाईपर्यंत नीट केलंस तर तुला दिलेला शब्द मी पाळीन."

पाहुणे आले. हार, पेढे, टोप्या. सरांनी करारावर छान भाषण केलं, माझी वाक्यं होती ती. समुद्राला कुंपण नसतं, म्हणून जगानं शब्दाचं कुंपण घातलं आहे. हे वाक्यही माझंच, आणि आज मला ते तितकंसं आवडत नाही. पाहुणे काहिलीवर वाकले. कासवानं उजवा पाय मारला. डावा मारला. मान मात्र खाली लोंबत होती.

"वा! शांत आहे अगदी," पाहुणे म्हणाले.

"आपल्याला बुजलंय, साहेब," सर म्हणाले. लोक हसले. फोटो निघाला, पाहुण्यांचा हात काहिलीच्या काठावर, कासवाच्या पाठीवरची अक्षरं स्पष्ट.

पाहुणे पुढच्या टेबलाकडं गेले, पण त्यांच्या मागून आलेले वनखात्याचे एक अधिकारी तिथंच थांबले. खाकी कपडे, खांद्यावर तारे, हातात छडी. त्यांनी नाक मुरडलं. मग छडीच्या टोकानं कासवाचं डोकं वर केलं. सोडलं. पुन्हा वर केलं. मग छडीनं कापड बाजूला सारलं.

खाली हवालदार बसले होते, दोन्ही हातांत दोऱ्या.

एका क्षणात ते उभे राहिले, काहिलीच्या काठावर डोकं आपटून. टाचा जुळल्या, छाती पुढं, हात शिवणीला. दोऱ्या हातातच होत्या, त्यामुळे मागं पाण्यात कासवाचे दोन्ही पाय एकदम वर झाले.

"हे कायद्यानं संरक्षित आहे, माहीत आहे का?" अधिकारी म्हणाले. "कुणी आणलं?"

सर माझ्या शेजारी होते. ते तक्त्याकडं बघत राहिले. त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

"हम लाया, साब!" हवालदार ओरडले.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"हम लाया, साब!"

मी म्हणाले, "साहेब, हवालदार हुकमानं गेले होते. सर बरोबर होते. ट्रक सरांनी ठरवला, कासव सरांनी आणवलं."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आपण?"

"डेमॉन्स्ट्रेटर."

"मदतनीस आहेत," सर म्हणाले. "नवीन आहेत. जरा भावनाप्रधान."

मला आयुष्यात आणखी कुणी भावनाप्रधान म्हटलेलं नाही.

"हवालदार, खरं काय ते सांगा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. समोर, अधिकाऱ्यांच्या टोपीच्या वर, मंडपाच्या कापडाकडं नजर. "हम लाया, साब."

"तो स्वतःच म्हणतोय," अधिकारी म्हणाले, आणि त्यांचंही काम सोपं झालं.

नंतर मंडपामागं मी हवालदारांना गाठलं. मी चिडले होते. "का बोललात असं?"

"बाई, फौजेत सायब इचारतो तवा जो म्होरं हुबा आसंल त्यानं हम म्हनायचं. न्हाईतर समद्या पलटनीला रगडा. मग रातच्याला पलटन त्या गड्याला सांभाळती."

"ही पलटण होती का?"

त्यांनी दोऱ्या गुंडाळून गाठ मारली. "न्हवती खरी," म्हणाले.

पुढचं दुपारच्या जेवणावर मिटलं. मी वाढायला होते, बायका म्हणून मला आणि तिथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेला तिथंही वाढायलाच उभं केलं होतं. अधिकारी म्हणाले की खटला करता येईल, पण पाहुण्यांचा त्या कासवाबरोबर फोटो निघालाय, तेव्हा उगाच नको. कॉलेजनं दोषी नोकरावर कारवाई केली असं कळवावं, म्हणजे पुरे. कवच संग्रहालयात ठेवायला हरकत नाही, शिक्षणासाठी आहे. सर म्हणाले, "अर्थात." समारंभाला आलेल्या आमच्या प्राचार्यांनी बासुंदी पुन्हा मागून घेतली. हवालदारांचा कागद त्या आठवड्यात निघाला, सरांनी कबूल केल्याप्रमाणे स्वतः पुढं ठेवून. काढून टाकल्याचा. आणि सर महिन्याभरात दिल्लीला जाऊन आले. तिथं समुद्री जीवांवर भाषण झालं, ते वर्तमानपत्रातही आलं.

पण त्याआधीची साताऱ्यातली सकाळ सांगायची राहिली. आम्ही रात्री कासव परत आणलं होतं. सरांनी हवालदारांना सांगितलं की जाण्याआधी कवच साफ करून द्यायचं, दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. हवालदार "जी सर" म्हणाले. मी दोन मुलांना हाताशी घेऊन पोट उघडलं. आतड्यात नाणी होती, झेंडूच्या पाकळ्या होत्या, कुंकवानं सगळं रंगलं होतं. अंडीही होती, कवच न धरलेली, पिवळी, द्राक्षांच्या घडासारखी. मुलांनी ती बरणीत भरली. सर खूश झाले, कासवाच्या अंड्यांची बरणी विभागात आजवर नव्हती.

हवालदार मागच्या अंगणात वसतिगृहाच्या मोठ्या पातेल्यात कवच उकळत होते आणि सुरीनं मांस खरवडत होते. वास असा की वसतिगृहाच्या खिडक्या बंद झाल्या. तेवढ्यात पहिल्या गाडीनं मुलगी आली. निरोप पोचला होता, तो परत फिरवायला कुणाला वेळ झाला नव्हता. दोन वेण्या, धुतलेलं परकर-पोलकं, डोक्यावर पत्र्याची पेटी. फाटकावरच्या शिपायानं तिला मागं पाठवून दिलं होतं.

"आबा, खोली कुठली?"

हवालदारांनी सुरी खाली ठेवली. "न्हाई मिळाली."

"कवा मिळंल?"

"न्हाई मिळत आता."

तिनं पेटी उतरवली नाही. मी म्हणाले, "हवालदार, तोवर माझ्या खोलीत राहू दे तिला. शाळा जवळ आहे. मला अडचण नाही." मला खरोखरच नव्हती.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "वयात आलेली पोर परक्याच्या घरी ठेवली तर भावकी तोंडात शेण घालंल. पेटी घे गं, हित घान हाय, तिकडं जाऊन बस."

ती गेली नाही. पातेल्यात बघत उभी राहिली. "ह्येच व्हय कासव?"

"व्हय."

"मेलं?"

"मेलं."

"कशानं?"

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "थंडीनं. आणि माणसांनी."

तिला ते पुरेसं वाटलं असावं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग आता मामाला व्हय म्हनायचं का?"

"बघू की," हवालदार म्हणाले, आणि पुन्हा खरवडायला लागले.

"बघू म्हंजी व्हय," ती म्हणाली. रडली नाही. चौदा वर्षांच्या पोरीच्या मानानं तिला हिशेब फार लवकर येत होता.

मग तिनं पेटी उतरवली आणि आमच्याकडं पाठ करून तिच्यावर बसली. दहिवडीची गाडी दुपारी होती. कवच साफ झालं, हवालदारांनी ते धुऊन, पुसून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलं आणि सरांच्या खोलीत कळवायला गेले. सर वर्गावर होते. ते दाराशी थांबून राहिले, वर्ग सुटेपर्यंत. सर बाहेर आले, कवच बघितलं, कडेला राहिलेला एक मांसाचा धागा बोटानं दाखवला. हवालदारांनी तो काढला. तेवढ्यानं त्यांची गाडी चुकली. पुढची संध्याकाळी होती.